दुबळा क्लास, धारदार डेक

चवथीच्या सुट्टीनंतर या सदराकडे आलेल्या बहुतेक पत्रांचं दुखणं एकच आहे: ऑनलाइन पत्त्यांच्या खेळात आपला आवडता क्लास (ज्या पात्राचे खास पत्ते घेऊन आपण खेळतो ते) सध्या मार खातोय आणि तो सोडवत तर नाही. प्रश्न वेगवेगळे दिसले तरी मूळ एकाच जागी आहे, म्हणून या अंकात दुसरे विषय घेतलेले नाहीत. पत्रं मुख्यतः हार्थस्टोन खेळणाऱ्यांची आहेत, त्यामुळे आकडे आणि उदाहरणं त्याच खेळाची. इतर खेळांबद्दलचा प्रश्न पुढं घेतला आहे.

प्रश्न: मी फर्मागुडीला इंजिनीअरिंग करतो. हार्थस्टोनमध्ये फक्त प्रीस्ट हा क्लास खेळतो. क्लासमधले सगळे उत्तम पत्ते डेकात (खेळायला निवडलेल्या पत्त्यांच्या संचात) घातलेत, तरी प्लॅटिनम रँकच्या पुढं सरकत नाही. ३० पत्ते निवडायचे तरी कसे? (विद्यार्थी, फोंडा)

उत्तर: घोडं पेंड खातंय ते ‘सगळे उत्तम पत्ते’ घालण्यातच. दुबळ्या क्लासकडेही चांगले पत्ते असतात. त्याच्याकडे नसतो तो एखाद्या ठरावीक कामाचा स्वस्त पत्ता, आणि दुसऱ्या कामाचे कितीही चांगले पत्ते कोंबले तरी ती उणीव भरत नाही. म्हणून आधी कागदावर पाच कामं लिही: पहिल्या तीन टर्नमध्ये बोर्डावर उतरणं, समोरचा एकटा मोठा मिनियन (बोर्डावर उतरून लढणारा पत्ता) मारणं, भरलेला बोर्ड साफ करणं, पत्ते ओढणं आणि समोरच्याची ३० हेल्थ संपवणं. प्रत्येक कामापुढं तुझ्या क्लासचे आणि न्यूट्रल (कुठल्याही क्लासला चालणारे) पत्ते मॅनाच्या, म्हणजे पत्ता खेळायला लागणाऱ्या किमतीच्या आकड्यासकट लिही. ज्या ओळीत स्वस्त पत्ताच सापडत नाही, ती तुझ्या क्लासची उणीव. डेकाचा आकार तिथून ठरतो.

प्रीस्टचंच घे. शॅडो वर्ड: पेन ३ किंवा कमी अटॅकचा मिनियन मारतो, शॅडो वर्ड: डेथ ५ किंवा जास्त अटॅकचा. मधला ४ अटॅकवाला दोघांच्याही हातून सुटतो. ही फट जुनी आहे आणि जाणकार प्रतिस्पर्धी प्रीस्टसमोर ४ अटॅकचे मिनियन मुद्दाम पुढं करतो. त्यावर आणखी एखादं ‘मार’ स्पेल (समोरचा मिनियन मारणारा मंत्राचा पत्ता) शोधत बसण्यापेक्षा ५ हेल्थचा मिनियन आधीच बोर्डावर असणं जास्त उपयोगाचं. तो ४ चा मार खाऊनही उरतो, आणि पुढच्या टर्नला तू त्याला बरा करतोस.

इथंच हीरो पॉवरचा, म्हणजे क्लासला दर टर्नला वापरता येणाऱ्या स्वतःच्या ताकदीचा हिशेब येतो. प्रीस्टची पॉवर २ मॅनात २ हेल्थ परत देते. बोर्ड रिकामा असताना ती स्वतःवर खर्च केलीस तर टर्न गेला, कारण समोरच्यानं त्याच २ मॅनात मिनियन उतरवलेला असतो आणि तो दर टर्नला मारत राहतो. तुझा १/३ किंवा ३/४ (आधी अटॅक, मग हेल्थ) मिनियन मार खाऊन जिवंत असेल, तर तीच २ हेल्थ त्याला आणखी एका टकरीपुरता उभा करते. तेव्हा प्रीस्टला अटॅकपेक्षा हेल्थ जास्त असलेले मिनियन हवेत, आणि तेही लवकर. नुसत्या बचावाच्या पत्त्यांवर उभा केलेला प्रीस्ट बहुतेक वेळा पडतो, कारण त्यानं आपली हीरो पॉवर निकामी करून ठेवलेली असते.

२०१६ सालात हे स्पष्ट दिसलं. ऑगस्टमधल्या कराझानच्या साहसात (नवे पत्ते देणाऱ्या भागात) प्रीस्टला प्युरिफाय मिळाला: २ मॅना देऊन आपल्याच मिनियनला सायलेन्स करायचं, म्हणजे त्याचे खास गुण पुसायचे, आणि एक पत्ता ओढायचा. क्लास आधीच तळाशी होता. या पत्त्यावर खेळाडू इतके भडकले की तो अरीनात (समोर येतील त्यातून पत्ते निवडून खेळायच्या प्रकारात) न देण्याचा निर्णय झाला. डिसेंबरात गॅजेटझानचा सेट (नव्या पत्त्यांचा संच) आला आणि तोच क्लास वर चढला. काबाल टॅलनप्रीस्ट ३ मॅनात ३/४, वर दुसऱ्या मिनियनला ३ हेल्थ. पोशन ऑफ मॅडनेस १ मॅनात समोरचा २ किंवा कमी अटॅकचा मिनियन त्या टर्नपुरता आपल्याकडे आणतो. ड्रॅगनफायर पोशन ६ मॅनात ड्रॅगन सोडून सगळ्या मिनियनना ५ डॅमेज देतो. ड्रॅकोनिड ऑपरेटिव्ह ५ मॅनात ५/६, आणि हातात ड्रॅगन असेल तर समोरच्याच्या डेकातल्या एका पत्त्याची प्रत मिळवून देतो. यातला एकही पत्ता एकट्यानं डाव जिंकणारा नाही. पण रिकाम्या ओळी भरल्या गेल्या. आजचे पत्ते वेगळे आहेत, शोधण्याची रीत हीच ठेव.

आता ३० ची मांडणी. मिनियनवर चालणाऱ्या प्रीस्टसाठी सुरुवातीचा साचा असा धर: १ मॅनाचे ६ पत्ते (त्यात ४ मिनियन, २ स्वस्त मार), २ मॅनाचे ६, ३ मॅनाचे ५, ४ चे ३, ५ चे ४, बोर्ड साफ करणारे २, पत्ते ओढणारे २, आणि डाव संपवणारे २. नुसता बचाव करणारे, म्हणजे समोरच्यानं काही केल्याशिवाय निरुपयोगी ठरणारे पत्ते एकूण ८ च्या वर जाऊ देऊ नकोस. ते १२ झाले की काय होतं बघ: समोरचा कॉम्बो डेक (ठरावीक पत्ते जमले की एकदम डाव संपवणारा) असेल तर मिनियनच उतरवत नाही, तुझा हात मारांनी भरलेला राहतो आणि दहाव्या टर्नला तू निवांतपणे हरतोस.

‘हातात ड्रॅगन असेल तर’ अशा अटीचे पत्ते घेणार असशील तर ड्रॅगन किती लागतात तेही मोज. अटीचा पत्ता स्वतः ड्रॅगन नाही, तू पहिला खेळतोयस, दुसरी टर्न आहे आणि सुरुवातीचे पत्ते बदललेले नाहीत असं धरलं, तर हातात आणखी ४ पत्ते आलेले असतात. डेकात ६ ड्रॅगन असतील तर त्या चारांत किमान एक असण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के, ८ असतील तर ७५, आणि १० असतील तर ८४. सहावर भागवलंस तर तीनातून एकदा तुझा पत्ता अटीविना, म्हणजे अर्धाच खेळला जाईल. आठच्या खाली जाऊ नये. ही योजना घेतलीस की दुसरी अटवाली योजना त्याच डेकात शिरू देऊ नकोस. दुबळ्या क्लासला दोन योजना पोसायची ताकद नसते.

प्रश्न: माझ्या पॅलाडिनच्या डेकात १ मॅनाचे दोनच पत्ते आहेत, पण ते फार चांगले आहेत. तरी पहिली टर्न रिकामी जाते. नशीबच वाईट म्हणायचं का? (साखळीहून एक वाचक)

उत्तर: नशिबाचा यात थोडाच हात आहे. पहिला खेळताना ३ पत्ते येतात. तिन्ही बदलले तर बदललेले पत्ते लगेच परत येत नाहीत, म्हणजे ६ पत्ते पाहून झाले. पहिल्या टर्नचा ओढलेला धरून ७. डेकात १ मॅनाचे २ पत्ते असतील तर या सातांत एक तरी सापडण्याची शक्यता ४२ टक्के. ४ असतील तर ६८, ६ असतील तर ८३ आणि ८ असतील तर ९२. दुसरा खेळताना ४ पत्ते आणि नाणं (एकदा १ मॅना जादा देणारा पत्ता) मिळतं, तिथं हेच आकडे दोनाला ५२, चाराला ७८, सहाला ९१.

या आकड्यांत एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. दोनावरून चारावर गेलात की २६ टक्के वाढतात, सहावरून आठावर गेलात की जेमतेम ९. आणि १ मॅनाचा पत्ता आठव्या टर्नला हातात आला तर तो ओझंच असतो. म्हणून झटपट खेळणाऱ्या डेकात ६, मध्यम डेकात ४, आणि खरोखरच डाव लांबवणाऱ्या कंट्रोल डेकात मिनियनऐवजी १-२ मॅनाचे मार ४ ते ६, असा हिशेब ठेवावा. २ वर थांबलेला डेक या कुठल्याच गटात बसत नाही. ‘फार चांगले’ दोन आहेत तेच ठेवा आणि त्यांच्याबरोबर साधे चार घाला. पहिल्या टर्नला उतरलेला साधा मिनियन हा हातात न आलेल्या चांगल्या मिनियनपेक्षा नेहमीच जास्त कामाचा.

बदलीच्या वेळी हात सैल सोडू नका. ५ मॅनाचा आवडता पत्ता सुरुवातीला आला की तो ठेवण्याचा मोह होतो. पहिला खेळताना तुमच्याकडे तीनच पत्ते असतात. त्यातला एक पाचव्या टर्नपर्यंत अडकला की चार टर्न तुम्ही दोन पत्ते आणि ओढलेल्यांवर खेळता. ३ मॅनाच्या वरचं सगळं परत करा. अपवाद एकच: समोरचा क्लास हमखास कंट्रोल खेळतो हे ठाऊक असेल आणि हातात आधीच १ आणि २ मॅनाचे पत्ते बसले असतील, तर तिसरा पत्ता ओढ देणारा, म्हणजे पुढं पत्ते मिळवून देणारा ठेवावा.

प्रश्न: आकडेवारीच्या साइटवरून शामनचा डेक उतरवला. त्यात दोन लेजंडरी (सर्वात दुर्मिळ दर्जाचे पत्ते) होते, ते माझ्याकडे नव्हते, म्हणून माझ्याकडचे दुसरे दोन लेजंडरी घातले. डेक चालत नाही. (म्हापसा)

उत्तर: बदली पत्ता लेजंडरी असण्याची काहीच गरज नाही, तो तेच काम करणारा असायला हवा. मूळ डेकात त्या दोन पत्त्यांचं काम काय होतं ते पाहा: ते कितव्या टर्नला खेळले जातात, आणि खेळल्यावर काय होतं. ५ मॅनाचा ओढ देणारा लेजंडरी नसेल तर त्याच्या जागी ३-४ मॅनाचा ओढ देणारा कॉमन चालेल, ८ मॅनाचा देखणा राक्षस नाही. तुमच्या दोन्ही बदल्या महाग असतील तर डेकाची कर्व्ह (मॅनानुसार पत्त्यांची वाटणी) पुढं सरकली, आणि शामनचे स्वस्त पत्ते ज्या टर्नला संपतात तिथं मोठं भगदाड पडलं.

काही लेजंडरींना बदली नसतेच. संपूर्ण डेक ज्याच्या भोवती बांधलाय तो पत्ता नसेल तर तो डेक सोडून द्या. कॉम्बोच्या डेकात तर हा हिशेब आधीच करावा. दोन वेगवेगळे पत्ते एकत्र हवेत आणि दोन्ही लेजंडरी, म्हणजे प्रत्येकी एकच प्रत. डेकातले २० पत्ते ओढून झाले तरी दोन्ही हातात आलेले असण्याची शक्यता ४४ टक्केच. त्याच दोन तुकड्यांच्या प्रत्येकी दोन प्रती ठेवता येत असतील तर ती ८० टक्के होते. दुबळ्या क्लासमध्ये एकेका प्रतीवर टांगलेला कॉम्बो घेऊ नये. ज्यांच्याकडे भरपूर ओढ आणि भरपूर बचाव आहे त्या क्लासना तो परवडतो.

आता डस्टबद्दल, म्हणजे पत्ते मोडून मिळणाऱ्या आणि नवे पत्ते बनवायला लागणाऱ्या खेळातल्या चलनाबद्दल. बनवायला कॉमनला ४०, रेअरला १००, एपिकला ४०० आणि लेजंडरीला १,६०० लागतात. मोडल्यावर अनुक्रमे ५, २०, १०० आणि ४०० मिळतात. म्हणजे एक लेजंडरी बनवायला चार मोडावे लागतात. २ लेजंडरी, ४ एपिक, ८ रेअर, १६ कॉमन असा डेक शून्यातून बनवला तर ६,२४० डस्ट. २ एपिक, १० रेअर, १८ कॉमनचा २,५२०. कोअर सेटचे (सगळ्यांना मिळणाऱ्या मूळ संचाचे) पत्ते फुकट असल्यानं खरा खर्च याहून कमी येतो. दुबळ्या क्लासवर आधी कॉमन आणि रेअर बनवा, निदान ३० डाव खेळा, आणि हरताना वारंवार ज्या कामाची उणीव भासली त्याच कामाचा लेजंडरी मग बनवा. आणखी एक: बॅलन्स पॅच (पत्त्यांची ताकद कमी-जास्त करणारा बदल) जाहीर झाला असेल तर त्या आठवड्यात काही मोडू नका. नर्फ झालेला, म्हणजे कमजोर केलेला पत्ता काही दिवस पूर्ण किमतीला मोडता येतो, १,६०० चा लेजंडरी पूर्ण १,६०० देतो. दुबळ्या क्लासच्या खेळाडूला मोठा डस्ट मिळण्याची ही चांगली वेळ. मात्र असा पत्ता आधीपासून तुमच्या संग्रहात असायला हवा.

प्रश्न: नवीन वॉरियर डेकानं २० पैकी १३ डाव जिंकले. म्हणजे ६५ टक्के. आता हाच डेक धरून लेजंड ही सर्वोच्च रँक गाठता येईल ना? (मडगाव)

उत्तर: अजून सांगता येत नाही. २० डावांत १३ जिंकणाऱ्या डेकाचा खरा विनरेट (जिंकण्याचं प्रमाण) साधारण ४४ ते ८६ टक्क्यांच्या मध्ये कुठंही असू शकतो. १०० डावांनंतरही दोन्ही बाजूंना दहा-दहा टक्क्यांची फट राहते, आणि ती पाचावर आणायला ४०० डाव लागतात. एवढे डाव एका महिन्यात एकाच यादीनं कुणी खेळत नाही, मधेच मेटाही, म्हणजे चलनात असलेले डेकही बदलतात. त्यामुळे एकट्याच्या विनरेटवरून दोन पत्ते बदलायचे की नाही हे ठरवू नये.

त्याऐवजी प्रत्येक हरलेल्या डावानंतर वहीत एक ओळ लिहा: समोरचा क्लास, कितव्या टर्नला डाव हातातून गेला, आणि त्या क्षणी हातात कोणते पत्ते पडून होते. पंधरा-वीस ओळी झाल्या की तोच पत्ता पुन्हा पुन्हा पडून राहिलेला दिसेल. तो काढायचा. हे जिंकण्या-हरण्यापेक्षा लवकर उत्तर देतं, कारण एकेका डावातून एक निकाल मिळतो, पण पडून राहिलेले पत्ते तीन-चार.

एचएसरिप्लेसारख्या साइटवर प्रत्येक पत्त्याचे तीन आकडे असतात: सुरुवातीच्या हातात असताना, ओढल्यावर, आणि खेळल्यावर. तिसऱ्यावर विसंबू नका. १० मॅनाचा शेवटचा घाव ज्या डावात खेळता येतो तो डाव बहुधा आधीच जिंकत आलेला असतो, म्हणून तो आकडा फुगतो. पत्ता खरंच उपयोगी आहे की नाही हे ओढल्यावरच्या आकड्यात दिसतं.

लेजंडचा हिशेब मात्र सरळ आहे. डायमंड ५ पासून सलग जिंकल्याचा जादा तारा मिळत नाही, आणि तिथून लेजंडपर्यंत १५ तारे (जिंकलं की एक वाढतो, हरलं की एक जातो). ५२ टक्के विनरेटनं सरासरी ३७५ डाव लागतील, ५५ नं १५०, ६० नं ७५. डायमंड ५ च्या खाली घसरण होत नसल्यामुळे प्रत्यक्षात थोडे कमी. दुबळ्या क्लासनं ५५ गाठणं हे खरं ध्येय ठेवा. ५२ वर अडकला असाल तर डाव वाढवण्यापेक्षा यादी दुरुस्त करण्यात वेळ घाला.

प्रश्न: पावसात आमच्याकडे वीज आणि नेट दोन्ही जातं. अर्ध्या डावात तुटलं की हार ठरलेली. (वाळपई)

उत्तर: डाव लगेच संपत नाही. ॲप पूर्ण बंद करून मोबाइल डेटावर परत उघडा, चालू डावात परत जाता येतं. गेलेल्या टर्न मात्र गेल्या. एका टर्नला ७५ सेकंद असतात, म्हणून कमजोर नेटवर एका टर्नमध्ये आठ-दहा कृती कराव्या लागणारा, रोग (Rogue) या क्लाससारखा डेक टाळा. मिनियन उतरवून हल्ला करून टर्न संपवणारा डेक घ्या. हल्ले आधी, मग विचार करून उरलेले पत्ते, असा क्रम नेहमी बरोबर नसतो, पण नेट डळमळत असेल तेव्हा बोर्डावर ठरलेली टक्कर आधी उरकून घ्यावी. आणि जोराचा पाऊस सुरू असताना रँक्डऐवजी कॅज्युअल खेळून नवी यादी तपासणं केव्हाही चांगलं.

प्रश्न: मुलगा दहावीत आहे. हरतो म्हणून पॅक (पत्त्यांची बंद पाकिटं) घ्यायला पैसे मागतो. पॅक म्हणजे मांडवीवरच्या कॅसिनोसारखाच जुगार नाही का? (एक आई, रायबंदर)

उत्तर: ताई, तुमची शंका योग्य जागी आहे. पॅकमध्ये काय निघेल हे आधी कळत नाही, त्यामुळे ‘आणखी एक’ म्हणत पैसे जाण्याची भीती खरी आहे. कॅसिनोत पैसे लावून पैसे परत येऊ शकतात. इथं निघालेला पत्ता विकून रोख मिळत नाही, म्हणजे दिलेला पैसा पूर्ण खर्च झाला असंच धरायचं.

एका पॅकमध्ये ५ पत्ते असतात, त्यात किमान एक रेअर. एका सेटच्या पहिल्या १० पॅकमध्ये एक लेजंडरी नक्की निघतो, त्यानंतर ४० पॅकच्या आत पुढचा. पण कोणता लेजंडरी, हे ठरलेलं नसतं. मुलाला एखादा विशिष्ट पत्ता हवा असेल तर पॅक हा सगळ्यात महाग रस्ता आहे. डस्टमधून तो थेट बनवता येतो. खेळातलं सोनं रोजची आणि आठवड्याची कामं पूर्ण करून मिळतं आणि १०० सोन्याला एक पॅक येतो, त्याला पैसे लागत नाहीत. त्याला सांगा: एकच क्लास, एकच स्वस्त डेक, सोनं साठवून नवा सेट आल्यावर एकदम पॅक उघडायचे. दुबळ्या क्लासला हरण्यामागं सहसा पत्ते नसण्यापेक्षा यादी विस्कटलेली असणं हे कारण असतं, वरची उत्तरं त्याला वाचायला द्या. फोनवर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय आहे, ती आजच चालू करा आणि पासवर्ड तुमच्याकडेच ठेवा.

प्रश्न: मी शॅडोव्हर्स आणि कधी कधी मॅजिक अरीना खेळतो. तुमचे ३० पत्त्यांचे हिशेब तिथं चालतील का? (पेडणे)

उत्तर: जवळजवळ. शॅडोव्हर्समध्ये ४० पत्ते आणि एकाच्या ३ प्रती, मॅजिकमध्ये ६० आणि ४, हार्थस्टोनमध्ये ३० आणि २. पूर्ण प्रती घातलेला पत्ता पहिल्या १० पत्त्यांत दिसण्याची शक्यता शॅडोव्हर्समध्ये ५९ टक्के, हार्थस्टोनमध्ये ५६, मॅजिकमध्ये ५३. फरक थोडा आहे, पण मॅजिकमध्ये साठातले वीस-चोवीस पत्ते जमिनी (मॅना देणारे पत्ते) असतात, आणि क्लासऐवजी रंग असतात. म्हणून तिथं दुबळ्या रंगाला पहिला उपाय म्हणजे दुसरा रंग जोडणं, आणि त्याची किंमत म्हणजे चुकीच्या रंगाची जमीन हातात येणं. शॅडोव्हर्समध्ये एरवी क्लास मिसळता येत नाहीत, तिथं इव्हॉल्व्हवर (फॉलोअर, म्हणजे तिथला मिनियन, बळकट करण्यावर) लक्ष द्या. मूळ शॅडोव्हर्समध्ये दुसरा खेळणाऱ्याला एक इव्हॉल्व्ह जास्त मिळतो आणि तो एक टर्न आधी वापरता येतो. दुबळा क्लास पहिला खेळताना हरत असेल तर २ मॅनाचे फॉलोअर वाढवा, दुसरा खेळताना हरत असेल तर चौथ्या टर्नला इव्हॉल्व्ह करण्याजोगा फॉलोअर हमखास हातात येईल इतक्या प्रती ठेवा. मार्व्हल स्नॅपमध्ये १२ पत्ते, प्रत्येकी एकच, आणि सहाव्या टर्नपर्यंत ९ दिसतात. तिथं कुठलाही पत्ता ७५ टक्के वेळा येतो, तेव्हा दोन पत्त्यांचा कॉम्बो तिथं बिनधास्त खेळावा.

प्रश्न: डेक एका प्रकारच्या डेकाला जिंकतो, दुसऱ्याला हरतो. दोन्ही बाजू सांभाळायला गेलो की दोन्हीकडे हरतो. कोणती बाजू सोडायची? (काणकोण)

उत्तर: जी कमी भेटते ती. वहीत शेवटच्या ४० डावांचे विरोधक तीन गटांत टाका. समजा निम्मे झटपट डेक निघाले, ३० टक्के कंट्रोल, २० टक्के कॉम्बो. तुमचा विनरेट अनुक्रमे ४२, ४८ आणि ४५ असेल तर एकूण ४४.४ होतो. आता कंट्रोलविरुद्ध ठेवलेले दोन महाग पत्ते काढून २ मॅनाचे दोन मिनियन घातले, आणि त्यानं झटपट डेकांविरुद्ध ४२ चे ५० झाले, कंट्रोलविरुद्ध ४८ चे ४५. नवा आकडा ४७.५. कंट्रोलला तुम्ही आधीपेक्षा जास्त हराल, तरी वर चढाल.

एकूण ५० ओलांडायला हाच फेरा दोन-तीनदा करावा लागतो, दर वेळी दोनच पत्ते. एकदम सहा बदलले तर कशानं फरक पडला ते कळत नाही. ठरावीक विरोधकासाठीचा पत्ता, उदाहरणार्थ शस्त्र मोडणारा ॲसिडिक स्वॉम्प ऊझ, पाच विरोधकांत किमान एक शस्त्र घेऊन येत असेल तरच घाला, आणि एकच प्रत. २ मॅनाचा ३/२ मिनियन म्हणून तो शस्त्र नसतानाही उतरतो, म्हणून त्याला जागा देता येते. जो पत्ता चुकीच्या विरोधकासमोर हातात मेलेलाच राहतो, त्याला नाही.

ही मोजणी रँकनुसार बदलते. गोल्डमध्ये भेटणारे विरोधक आणि डायमंडमध्ये भेटणारे वेगळे असतात, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणि शेवटच्यात वेगळे. रँकचा टप्पा बदलला की वही नव्या पानावर सुरू करा आणि जुने ४० डाव हिशेबातून काढा. तीन फेऱ्यांनंतरही, म्हणजे सुमारे १२० डावांनी, सर्वात जास्त भेटणाऱ्या गटाविरुद्ध तुमचा विनरेट ४५ च्या खालीच असेल, तर तो क्लास त्या सेटपुरता बाजूला ठेवा, त्याचं सोनं आणि डस्ट साठवा आणि पुढच्या सेटचे पत्ते जाहीर होऊ लागले की पाच कामांच्या यादीतली कोणती ओळ भरतेय ते पाहा.